तरुणांच्या हाती किल्ली द्या



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खते आणि पाणी यांविषयी लिहीत असतो. या खेपेसही सुरुवात बेण्यापासूनच करतो. बेणे कसे घ्यावे हे आता तुम्हांपैकी कोणाला शिकवायला नको. बेणेमळ्यातले, नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी, रसरशीत आणि फुगीर डोळ्यांचे. जून उसाचे बेणे घेऊ नये, खोडव्याचे तर नकोच नको. जून टिपरीचा डोळा उशिरा फुटतो, एखादा फुटतच नाही, आणि मग नांग्या भरता भरता नाकी नऊ येतात.

शेतात हे आपल्याला पटते. गावात मात्र आपण नेमके उलटे करतो. बेणे निवडताना कोवळे बघतो आणि कारभारी निवडताना जून बघतो. विकास सोसायटी असो, दूध संस्था असो, उपसा सिंचन असो की यात्रा कमिटी असो, वीस वर्षांपूर्वीची नावे आजही तशीच. मग तरुण कुठे आहेत? तर मंडप घालायला, खुर्च्या मांडायला, पाहुण्यांना चहा द्यायला आणि मिरवणुकीत पुढे नाचायला. कामाला पोरे हवीत, पण कामाचा निर्णय घ्यायला ती नकोत.

जुन्या माणसांचा उणेपणा काढावा असा यात आमचा हेतू मुळीच नाही. हा कारखाना त्यांच्याच पायपिटीवर उभा राहिला. पण गावोगाव फिरून शेअर गोळा करणारी ती माणसे त्या वेळी किती वयाची होती, हे जरा त्यांनाच विचारून पाहावे. बहुतेक जण तिशीच्या अलीकडे-पलीकडेच होते. त्यांच्यावर तेव्हा कोणी विश्वास टाकला नसता, तर आज आपला ऊस कोणत्या गुऱ्हाळावर गेला असता, देव जाणे!

कारखान्याच्या कामाने आम्हांला पुण्यास वरचेवर जावे लागते. शिवाजीनगरला साखर संकुलातले काम उरकून सदाशिव पेठ, नारायण पेठेच्या बाजूला गेलो, की आपल्या कार्यक्षेत्रातली दोन-चार मुले हमखास भेटतात. कॉट बेसिसवर राहायचे, मेसला जेवायचे, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिकेत बसायचे. कोणी कॉलेजला आहे, कोणी स्पर्धा परीक्षेच्या मागे आहे. जागा थोड्या आणि उमेदवार लाखांनी, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी एकेक वर्ष जात राहते. बापाने उसाच्या बिलातून पैसे पाठवायचे आणि पोराने, 'यंदा होईल,' म्हणायचे.

ही पोरे गाव विसरली, असे पारावर बसून आपण म्हणतो. आम्हांला तसे दिसले नाही. चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न असतो, "साहेब, रिकव्हरी किती लागतीय?" दुसरा असतो, "आमच्या प्लॉटला तोड कधी येणार? आबा फोनवर धड सांगत नाहीत." आमच्या मते सगळे दुखणे या दुसऱ्या प्रश्नात आहे. चोवीस वर्षांच्या, शिकल्यासवरल्या मुलाला स्वतःच्या घरच्या उसाची तोडणी तारीख कारखान्याच्या माणसाकडून विचारून घ्यावी लागते. सात-बारा बापाच्या नावावर, शेअर बापाच्या नावावर, उसाची नोंद बापाच्या नावावर. ते एक वेळ ठीक. पण माहितीसुद्धा बापाच्याच खिशात! मग गावासाठी काही कर, असे त्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगावे?

तरुणांकडून समाजाचे काम कसे होते, हे पाहायचे तर ज्या पुण्यात आपली मुले राहतात त्या पुण्याचाच इतिहास काढावा. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतिराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. जोतिराव तेव्हा विशी-एकविशीचे होते. त्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. सतरा वर्षांच्या मुलीला आज आपण तालुक्याच्या गावी एकटी पाठवायला मागेपुढे पाहतो. त्या वयात त्या बाईने शेणमाती झेलीत शाळा चालवली.

त्या दोघांची थोरवी सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला सांगायचे आहे ते त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसांविषयी. शाळा काढायची म्हणजे आधी जागा लागते. ती तात्यासाहेब भिडे यांनी आपल्या वाड्यात दिली. पुढल्याच वर्षी, १८४९ मध्ये, लोकांच्या दडपणाखाली वडिलांनी या नवरा-बायकोला घराबाहेर काढले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. या माणसांनी तरुणांना उपदेश केला, अशी नोंद कुठे सापडत नाही. त्यांनी जागा दिली आणि लोकांचा राग आपल्याही अंगावर घेतला. तरुणांना पाठबळ द्यायचे म्हणजे काय, याचे याहून सोपे उत्तर आम्हांला तरी सुचत नाही.

त्याचे पीकही लवकर आले. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. मुलगी असेल चौदा-पंधरा वर्षांची. आपल्या समाजाचे गाऱ्हाणे तिने स्वतःच्या शब्दांत जगापुढे मांडले. शाळा निघाल्याला तेव्हा पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. तो वाडा पुढे जीर्ण झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि स्मारक करण्यासाठी महापालिकेने २०२३ च्या डिसेंबरात तो उतरवला. वाडा गेला, पण पुणे विद्यापीठाला २०१४ पासून त्या सतरा वर्षांच्या मास्तरणीचेच नाव आहे.

आता आपल्याला आणखी जवळचे उदाहरण. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. खेड्यातून शिकायला येणाऱ्या गरीब, होतकरू मुलांना शहरात राहण्या-जेवणाची परवडणारी सोय व्हावी, एवढाच साधा विचार. पण त्याला एक जोड होती. तेथे राहणाऱ्या मुलाने आपल्या श्रमाचा वाटा उचलायचा. कोणी आश्रित नाही, कोणी उपकाराखाली दबलेला नाही. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर अशा वसतिगृहांतून शिकून बाहेर पडला. हीच रीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढल्यापासून घालून दिली होती. त्यांच्याच नावाने पुणे विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना चालते. फुकट दिलेले पाणी आणि पाळीने घामाने मिळवलेले पाणी यांत पिकाला फरक नसेल, पण माणसाला असतो.

कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना तर तुम्हां सर्वांना माहीत आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर घ्यायचे, अशी तिची रचना आहे. आपल्याकडेही अशी शिबिरे येतात. मुले बांध घालतात, गटारे काढतात, भिंती रंगवतात, रात्री पथनाट्य करतात. आठव्या दिवशी सत्कार होतो, गाडी निघून जाते, आणि महिन्याभरात गटार पुन्हा तुंबते. यात मुलांचा काय दोष? सात दिवस मुलांचे आणि उरलेले ३५८ दिवस गावाचे असतात. त्या दिवसांची जबाबदारी गावातल्या कोणत्या पोरांनी घ्यायची, हे शिबिर चालू असतानाच ठरले पाहिजे. ते आपण ठरवत नाही.

ठरवले तर काय होते, तेही पाहा. १९६२ साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीचे कार्यकर्ते, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मदतीला धावले. तसे तर सारा महाराष्ट्रच धावला. पण मदतीचे दिवस सरले तरी प्रबोधिनीचे काम थांबले नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या हराळी गावी त्यातून निवासी शाळा आणि शेतीचे शिक्षण उभे राहिले. संकटात तरुण धावतो, ते त्याच्या रक्तातच असते. संकट सरल्यावर त्याला धरून ठेवणारे काम कोणी दिले, तर तो टिकतो.

आणि तरुण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फक्त मुलगेच येतात. हेही बदलावे. निर्मलाताई पुरंदरे यांनी १९८१ मध्ये पुण्यातून 'वनस्थळी'चे काम सुरू केले, ते खेड्यातल्या मुली आणि सुनांना हाताशी धरून. त्यांना बालवाडी चालवण्याचे शिक्षण दिले आणि गावची बालवाडी त्यांच्यावर सोपवली. चार भिंतींच्या बाहेर न पडलेली सून गावाची 'बाई' झाली. तुमच्या-आमच्या घरांत बारावी झालेल्या, पदवीधर सुना आज किती आहेत, ते मोजा. त्यांच्या शिक्षणाचा गावाला काय उपयोग होतो, तेही मोजा.

आता घरातलेच एक उदाहरण. गाव आणि माणसे ओळखता येऊ नयेत म्हणून नावे देत नाही.

आपल्याच कार्यक्षेत्रातल्या एका उपसा सिंचन योजनेची वीजबिलाची थकबाकी वाढत गेली आणि ऐन एप्रिलमध्ये वीज तोडली. उभा ऊस वाळू लागला. त्या वेळी गावातले तीन तरुण पुढे आले. दोन मुलगे पुण्याहून शिकून आलेले आणि एक मुलगी, तिचे कॉमर्स झालेले. त्यांनी वही घातली. कोणाचे क्षेत्र किती, पाणी किती तास घेतले, पैसे किती भरले, बाकी किती. दर सोमवारी ते सगळे मारुतीच्या पारावर फळ्यावर लिहू लागले. ना भांडण, ना आरडाओरडा. फळा बघून एकेक जण गुपचूप पैसे भरून गेला. तीन महिन्यांत हप्ता बांधून घेण्याइतकी रक्कम जमली आणि वीज जोडली गेली. आम्ही स्वतः त्या शिवारात फिरलो आहोत. वाळायला लागलेला ऊस पुन्हा हिरवा झालेला पाहिला आहे.

पुढल्या वर्षी फळ्यावर सर्वांत वर एका पुढाऱ्याच्या पाहुण्याचे नाव आले. बाकी मोठी होती आणि आकडा खरा होता. त्याच आठवड्यात मीटिंग झाली. "पोरांना काय कळतंय? गावात दुफळी माजवायची आहे का?" असे म्हणून वही काढून घेतली. मुलगे पुण्याला परत गेले. मुलगी काही दिवस घरी बसली, मग लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. योजनेची थकबाकी पुन्हा जिथल्या तिथे आली. पारावरचा फळा अजून आहे. शेवटच्या सोमवारची तारीख बारकाईने बघितली तर पुसट दिसते.

पोरे गावात राहत नाहीत, अशी तक्रार त्या गावात आम्ही आजही ऐकतो. आम्ही गप्प बसून ऐकून घेतो. पण सभासद बंधूंनो, पोरे निघून गेली, का आपण त्यांना घालवली?

उसाला आपण बांधणी करतो. पक्की बांधणी झाली नाही तर चांगला वाढलेला ऊसही पहिल्या वादळात लोळतो. पण बांधणी म्हणजे ऊस हातात धरून उभे राहणे नव्हे. मुळाशी माती लावायची आणि सरीतून बाहेर यायचे. उभे राहायचे ते उसानेच. तरुणांच्या बाबतीत आपण एक तर माती लावत नाही, किंवा सरीतून बाहेरच येत नाही.

म्हणून आमच्या अनुभवातून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सर्वच जमतील असे नाही, पण जमेल तेथून आरंभ करावा.

एक, आरंभ घरापासून करावा. उसाची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, वजनाची पावती, बिलातून झालेली कपात, सोसायटीचे येणे-देणे हे सगळे मुला-मुलीला आणि सुनेला समजावून सांगावे. एक एकर तरी लागण पूर्णपणे त्यांच्या विचाराने करू द्यावी. बेणे कोणते, सरी किती फुटांची, ठिबक घालायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे आणि खर्चाची वही त्यांनीच लिहावी. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ऊसशेती ज्ञानयाग आणि महिलांसाठी ज्ञानलक्ष्मी अशी शिबिरे होतात. ही संस्था १९७५ साली आपल्यासारख्या ऊसउत्पादकांच्याच पैशातून उभी राहिली. दरवेळी तेच ते वडीलधारे तिथे न जाता, या खेपेस घरातले तरुण माणूस पाठवावे.

दोन, संस्थेत एक खरे काम द्यावे. खरे काम कोणते? जे झाले नाही तर गावाचे नुकसान होते, ते. पाणीपाळीची वही, दूध संस्थेतील फॅट तपासणी, माती परीक्षणाचे नमुने, पाचट न जाळता सरीत कुजवण्याची मोहीम. हार-तुरे आणि बॅनर हे काम नव्हे.

तीन, मुदत ठरवून द्यावी आणि ती संपेपर्यंत मध्ये हात घालू नये. एक हंगाम म्हणजे एक हंगाम. चूक झाली तर सांगावे, वही हिसकावू नये.

चार, हिशेब मात्र चोख मागावा. विश्वास म्हणजे डोळे झाकणे नव्हे. दर महिन्याला चार माणसांसमोर जमा-खर्च वाचायला लावावा. ज्याच्याकडे हिशेब मागितला जातो, त्यालाच आपण मोजतो आहोत हे कळते.

पाच, ग्रामसभेला अठरा वर्षांपुढच्या मुलामुलींना बरोबर न्यावे आणि बोलू द्यावे. १९८९ पासून मताचा अधिकार अठराव्या वर्षी आहे, आणि एकविसाव्या वर्षी सरपंच होता येते. कायद्याने जे दिले ते आपण रोखून धरण्यात अर्थ नाही.

आमच्या शेतकी खात्याच्या हाती जे आहे, तेही सांगतो. पुढील लागण हंगामापासून प्रत्येक गटात बेणेमळ्यांच्या पाहणीसाठी आणि माती नमुने काढण्यासाठी दोन-दोन तरुणांना आमच्या कृषी सहायकांबरोबर घेण्याची तयारी आहे. त्यात एक मुलगी किंवा सून असावी, अशी आमची इच्छा आहे. नमुना कुठून आणि किती खोलीवरून घ्यायचा, अहवाल कसा वाचायचा, हे आम्ही शिकवू. अहवाल सभासदाच्या बांधावर जाऊन समजावून सांगण्याचे काम त्यांचे राहील.

दुसरे असे की, गटऑफिसला संध्याकाळी सहानंतर कुलूप असते. त्यातली एक खोली गावातल्या तरुणांना अभ्यासिकेसाठी द्यावी, असा प्रस्ताव आम्ही व्यवस्थापनाकडे दिला आहे. अभ्यासासाठी पुण्यालाच गेले पाहिजे असे नाही. हंगामात, तोडणी टोळ्यांच्या कोप्यांवरची मुले संध्याकाळी आई-बापांची वाट बघत बसलेली आपण सर्वच पाहतो. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० पासून लागू आहे, पण कोपीवर तो पोचवायला कोणीतरी चालत गेले पाहिजे. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांनी आळीपाळीने रोज एक तास त्या लेकरांना वाचायला शिकवावे, एवढीच अट आम्ही प्रस्तावात घातली आहे. भाडे नाही, फी नाही.

या प्रस्तावावर काही ज्येष्ठ सभासदांनी आम्हांला विचारले, "पोरांनी खोलीत धिंगाणा घातला तर?" शंका रास्त आहे. त्यावर आमचे म्हणणे असे, की खोलीची नोंदवही राहील, गावातले दोन जबाबदार सभासद आठवड्यातून एकदा चक्कर मारतील, आणि नियम मोडला तर खोली बंद होईल. पण धिंगाणा होईल म्हणून कुलूपच काढायचे नाही, हे म्हणजे तण येईल म्हणून लागणच न करण्यासारखे झाले.

सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत हा विषय यावा यासाठी आपापल्या गटातून लेखी मागणी करावी. ज्यांच्या घरी पाहणीच्या कामासाठी तयार असलेले तरुण आहेत, त्यांनी त्यांची नावे गटऑफिसमध्ये कृषी सहायकाकडे नोंदवावीत. नाव नोंदवायला शक्य तर स्वतः येऊ नये, मुलालाच किंवा मुलीलाच पाठवावे. काय शिकलो, काय करायची इच्छा आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकायला आम्हांला आवडेल.